टिचकी

रूवीत, सराफाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर ल्यूंचा दवाखाना. लिफ्ट नाही.
जिन्यात ऊद, आणि कुणाच्या तरी घरची तळलेली मासळी.
हे पहिल्या पायरीशी थांबतात,
पाऊल फरशीला शिवून टाकल्यासारखं.
मी त्यांच्या बुटापुढे माझी चप्पल आडवी ठेवते.
ती ओलांडायला मात्र पाय उचलतो.
कुणी सांगितलं नव्हतं. एकदा हातातून पिशवी पडली
तेव्हा कळलं.

एकोणीस वर्षं ह्यांनी
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
दाबाच्या तबकड्या वाचल्या.
प्रत्येकीत एक काटा.
लग्नानंतर मी मस्कतला आले तेव्हा
प्रेमाचं काही बोलायचं सोडून हे शिकवलं होतं मला:
जो मुळीच हलत नाही तो काटा खोटं बोलतो.
काचेवर टिचकी मारायची.
खरा असेल तर थरथरेल, मग जागेवर बसेल.

हात थरथरू लागला तेव्हा दोन वर्षं
तो खिशात राहिला.
व्हिसा नोकरीला बांधलेला, आम्ही व्हिसाला.
खल्फानला ठाऊक होतं.
तो स्वतःच आकडे उतरवून घ्यायचा
आणि म्हणायचा, आज माझं अक्षर सुधारतोय.
मग बँकेत सही जुळेना.
'केळुसकर' मधला 'कर' मुंगीएवढा झालेला,
काउंटरवरची मुलगी दोन्ही कागद उजेडात धरून
कितीतरी वेळ बघत राहिली.

नणंदेने कुडाळहून खाजकुहिलीच्या बिया पाठवल्या.
हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर हे नको.
मुलगा टोरांटोहून: आई, सुयांबद्दल पक्का पुरावा नाही,
अभ्यास लहान आहेत.
मी बरं म्हटलं. मंगळवार मोडला नाही.
मोठ्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या,
काट्याने काटा निघतो हो.
हे हसले. निदान ओठांची एक बाजू हसली.
"काटा काढायचा नसतो, वहिनी.
शून्याला लावायचा असतो."

डॉक्टर ल्यू पहिल्याच दिवशी बोलल्या,
हिंदी आणि अरबीच्या मधल्या कुठल्याशा भाषेत:
गोळी बंद नाही. हात थांबेल, मी नाही बोलत.
मान हलकी, मुमकिन. नींद, मुमकिन.
इतका प्रामाणिक दुकानदार
मी या बाजारात पाहिला नव्हता.

सोळा सुया.
डोक्यात, कानामागे, मनगटात, नडगीवर.
वरच्या टोकाला तांब्याच्या तारेची वेटोळी.
उजव्या हातातली सुई नाचते,
तिच्यावर ट्यूबचा उजेड नाचतो.
डॉक्टर बाहेर जातात. पडदा. एसी.
मी नखाने हळूच सुईच्या टोकाला टिचकी मारते.
डोळे मिटलेले, तरी हे पुटपुटतात,
"किती दाखवतोय?"
मी म्हणते, "साडेचार बार."
"जास्त आहे. व्हॉल्व्ह बघ."

मग श्वास लांबतो.
सुई हळू होते, आणखी हळू,
आणि थांबते.
मला माहीत आहे,
झोपेत हा हात तसाही थांबतो,
रोज रात्री, सुईशिवाय, माझ्या उशीशेजारी.
श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवत नाही.
पण भर दुपारी साडेचारला
हा माणूस घोरतोय,
ज्याला पहाटे तीनपासून कूस बदलता येत नव्हती
आणि मीच वळवत होते.

रात्री हे वहीत नोंद करतात.
कारखान्याचीच सवय, रकाने पट्टीने आखलेले.
अक्षर इतकं बारीक की मला भिंग लागतं:
मंगळवार. जिना चार मिनिटं, चप्पल तीनदा.
झोप बावीस मिनिटं.
थरथर: आहे.
शेवटच्या रकान्यात, शेरा:
काटा चालू.

मी भिंग पुसून ठेवलं
आणि उद्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरल्या.
सकाळ, दुपार, चार, आठ.